दारूखान्यातली शिडी

भाऊंनी ती वजनावर आणली.
नऊ किलो पितळ, वर निकेलचा उडालेला मुलामा,
दोन उभे पाइप, सात आडव्या दांड्या.
गाळेवाला शिडी म्हणून भाव सांगत होता,
भाऊंनी भंगार म्हणून घेतली.
टॅक्सीतून मांडीवर आडवी धरून माझगावला उतरले,
तर वॉचमन विचारतो, कुठे चढायचंय काका?

चौतीस वर्षं इंजिनरूममध्ये घाम गाळलेला माणूस
डायलिसिस सुरू झाल्यापासून मे महिन्यातही कुडकुडतो.
म्हणाले, उत्तरेच्या समुद्रात पहाटेची पाळी संपवून
वर आलं, अंघोळ केली,
की असल्या दांडीवरचा टॉवेल.
एवढंच. वाक्य पुढे गेलं नाही.

जेना आला. केंद्रपाड्याचा. कानामागे पेन्सिल.
आधी भिंतीला कान लावून पाइप ऐकतो, मग बोलतो.
गीझरची दोन तोंडं भिंतीबाहेर,
मधलं अंतर अठरा इंच.
शिडीच्या पायांत वीस.
"दो इंच का झगडा है, दीदी. दीवार तोडूँ?"
मी म्हटलं, टाइल फोडायची नाही.
ही निळी आता कुठेच मिळत नाही,
आणि आईने ती निवडायला तीन रविवार घेतले होते.

मग दोन वाकड्या एल्बो,
इंचभर इकडे, इंचभर तिकडे.
पण आटे परके निघाले.
अर्धा फेर घ्यायचे आणि अडायचे.
भाऊ बाथरूमच्या दारात स्टुलावर,
सुयांचा हात मांडीवर जपून ठेवलेला.
उठले. कपाटातून बनियनच्या चिंधीत गुंडाळलेले
दोन पितळी जोड घेऊन आले.
कुठल्या बंदरातले, कधीपासून ठेवलेले,
आईला तरी माहीत होतं का कोण जाणे.
"सूत उलटं गुंडाळलंयस," ते जेनाला म्हणाले,
"घट्ट करशील तसं सुटत जाईल."
जेनाने त्यांच्याकडे पाहिलं.
सूत सोडलं. पुन्हा गुंडाळलं. सफेदा लावला.

पाणी येतं पाच दहाला.
तेवढ्यासाठी जेना दुसऱ्या पहाटे परत आला,
वरचा स्क्रू सैल केला.
शिडीने लांब श्वास सोडला,
मग थुंकली: तपकिरी, गंजकं.
भाऊंनी बोट लावून चाखलं.
खारट नाही, म्हणाले. जरा हिरमुसले.

मग जेनाने ते सांगितलं, जे सांगायला तो कालपासून कचरत होता.
नळ चालू तोवरच ही तापणार.
जहाजावर पाणी रात्रंदिवस फिरतं.
इथे फिरत नाही, येतं आणि जातं.
म्हणजे आधी कुणीतरी अंघोळ करायची,
तेव्हा दुसऱ्याचा टॉवेल गरम.

"राहू दे," भाऊ म्हणाले. "वाळत घालायला होईल."
आणि मजुरीवरून दीडशे रुपयांसाठी पाऊण तास भांडले.

मी रात्री अंघोळ करणारी, कॉलेजपासूनची.
आता सोमवार, बुधवार, शुक्रवार
सव्वापाचला गीझर लावते.
मला काही एवढं पाणी लागत नाही.
उरलेलं बादलीत सोडते, कपड्यांना होतं,
आणि नळ धारेवर ठेवून दांड्या चाचपत राहते.
वरची आधी तापते. पाचवी, सहावी फार उशिरा.
डावा सांधा अजून पाझरतो, खाली दाढीचा मग ठेवलाय.

माझ्यामागून ते जातात.
दाराबाहेर ऐकू येतं:
तांब्या, तांब्या, मग बराच वेळ काहीच नाही.
बाहेर येतात ते टॉवेल डोक्यावरून घेऊन,
हॉस्पिटलची फाइल शोधत,
आणि फाइल टेबलावरच असते.

रविवारी मी झोपते.
काल जाग आली साडेआठला.
भाऊ गॅलरीत, केस ओले, पेपर उघडलेला.
आत माझा टॉवेल वरच्या दांडीवर,
खलाशाची घडी, कडेला कड.
मी हात लावला. मग गाल.
खाली बादली काठोकाठ भरलेली,
वर ताट झाकलेलं.